जर्मनचा अभ्यास आणि चांद्याचे जंगल

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात जर्मन भाषा, वाङ्मय आणि संस्कृती यांचा विद्यापीठीय अभ्यास व्हावा, असे कोणी सुचवले तर त्याला पहिले उत्तर बहुधा हसण्याच्या रूपात मिळते. हसू ओसरल्यावर दोन युक्तिवाद पुढे येतात. पहिला उपयुक्ततेचा. जर्मन ही चाकणच्या मोटार कारखान्यांची, परदेशी शिष्यवृत्त्यांची आणि भाषांतराच्या कंत्राटांची भाषा. भामरागडच्या किंवा सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला तिचे काय? त्याला आधी इंग्रजी धड येऊ द्या. दुसरा युक्तिवाद अस्मितेचा. ज्याची माडिया शाळेच्या उंबरठ्यावरच काढून घेतली जाते आणि ज्याला मराठीदेखील परभाषेसारखी शिकावी लागते, त्याच्या डोक्यावर युरोपातली आणखी एक भाषा ठेवणे हा वासाहतिक वृत्तीचाच नवा अवतार होय, असे सांगितले जाते. एक युक्तिवाद व्यवस्थापनाच्या परिभाषेत बोलतो, दुसरा देशीयतेच्या. दोघांच्या मुळाशी मात्र एकच गृहीतक आहे : या प्रदेशाचा जर्मनशी आजवर संबंधच आलेला नाही. हे गृहीतक साफ चुकीचे आहे. ते इतकी वर्षे बिनधोक टिकून राहिले याचा दोष जर्मनच्या अध्यापनावर जितका येतो तितकाच मराठी समीक्षेवरही येतो.

महाराष्ट्र आणि जर्मनी यांच्या संबंधांची एक अधिकृत म्हणता येईल अशी कथा आहे. समारंभांतून आणि स्मरणिकांतून ती वारंवार सांगितली जाते. गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये 'शाकुंतला'चे जर्मन भाषांतर केले, गटे त्यावर लुब्ध झाला, पुढे मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्याला आला, ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आला, १८६६ पासून कीलहॉर्नने पुण्यात संस्कृत शिकवले, रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये ग्यॉटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. ही कथा खोटी नाही. ती पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत घडते, तिचे नायक पंडित आहेत आणि तिची नायिका संस्कृत आहे, एवढेच. जर्मन पांडित्याने भारतात जे शोधले ते हस्तलिखितांत शोधले. ज्या भाषांना हस्तलिखिते नव्हती त्या या कथेत कधी आल्याच नाहीत. मराठीचाही प्रवेश तीत मागील दारानेच होतो.

परंतु ब्यूलर मुंबईत आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, आणखी एका जर्मनाची भारतात नेमणूक झाली. बॉनमध्ये जन्मलेला, वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक डीट्रिश ब्रँडिस हा ब्रह्मदेशातील सागवानी जंगलांवरच्या कामानंतर हिंदुस्थान सरकारचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यानंतर त्या पदावर विल्हेल्म श्लिख आला, मग बेर्टोल्ड रिबेनट्रॉप. म्हणजे १९०० पर्यंत या देशातील जंगलांचे सर्वोच्च प्रशासन सलग तीन जर्मनांच्या हाती होते. इंग्रजांना राज्य करता येत होते, जंगल 'चालवता' येत नव्हते. ती विद्या त्यांनी जर्मनीतून आणि फ्रान्समधून उसनी घेतली. डेहराडूनची वनशाळा १८७८ ची. त्याआधीपासूनच वनखात्याचे तरुण इंग्रज अधिकारी युरोप खंडातील वनांत शिक्षणासाठी पाठवले जात होते, आणि निवृत्तीनंतर स्वतः ब्रँडिस त्यांच्या तेथील प्रशिक्षणाकडे लक्ष देत असे. आलापल्लीच्या सागवानाकडे सरकारी नजरेने पाहण्याची रीत ज्या ग्रंथांतून आली, त्यांची मूळ परिभाषा जर्मन आहे. किती वर्षांनी कोणता पट्टा तोडायचा याचे आवर्तन, वाढ आणि तोड यांचा हिशोबी तोल, सर्व वयांची झाडे ठरावीक प्रमाणात असलेल्या 'आदर्श' जंगलाची कल्पना, आणि आज ज्या शब्दाशिवाय एकही शासकीय अहवाल पुरा होत नाही ती 'शाश्वतता' : यांतील शेवटची कल्पना सॅक्सनीतील खाणींचा अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्स याने १७१३ च्या आपल्या वनविषयक ग्रंथात मांडली होती. खाणींच्या भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागले, म्हणून त्याला शाश्वतता सुचली. वनविभागाची 'कार्य आयोजना' उघडणाऱ्या गडचिरोलीच्या रहिवाशाला ठाऊक नसते की तो एका जर्मन वाङ्मयप्रकाराचे दूरचे भाषांतर वाचत आहे.

तेव्हा या प्रदेशाचा जर्मनशी संबंध कीलहॉर्नच्या वाटेने आला नाही, ब्रँडिसच्या वाटेने आला. पुण्याला जर्मनांनी व्याकरण दिले. चांद्याला राखीव जंगलाची कल्पना दिली. यांतील दुसऱ्या देण्याचा परिणाम अधिक माणसांच्या आयुष्यावर, अधिक काळ आणि अधिक कठोरपणे झाला. तरीही जर्मनच्या अभ्यासक्रमात पहिल्याचा गौरव होतो आणि दुसऱ्याचा उल्लेखही नसतो. वनशास्त्र हे 'साहित्य' नव्हे, असे यावर उत्तर दिले जाईल. हे उत्तर ज्यांना पुरते त्यांनी जर्मन भाषेतील दोन शब्दांकडे जरा थांबून पाहावे.

जर्मनमध्ये जंगलाला 'वाल्ड' म्हणतात. त्याच भाषेत 'फोर्स्ट' असाही शब्द आहे. 'वाल्ड' हे नुसते रान : माणसे ज्यात हरवतात, जळण आणतात, ज्याच्या कडेला उपाशी लाकूडतोड्याची झोपडी असते. 'फोर्स्ट' म्हणजे कोणाच्या तरी अंमलाखालचे, आखलेले, राखलेले रान. त्याचा इतिहास राजाच्या शिकारीच्या हक्कापासून सुरू होतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथासंग्रहात आहे तो वाल्ड. त्या दोघांनी १८१३ पासून काढलेल्या नियतकालिकाचे नावच 'प्राचीन जर्मन रानं' अशा अर्थाचे होते. ब्रँडिसचे शास्त्र फोर्स्टचे. इंग्रजीतील 'फॉरेस्ट' हा शब्द या दोन्हींना एकाच पोत्यात भरतो, आणि इंग्रजीवाटे जर्मनकडे जाणाऱ्याला हा भेद कधी दिसतच नाही. झाडीपट्टीतील मराठी माणसाला मात्र तो लगेच कळेल, कारण त्याच्या बोलण्यात तो जिवंत आहे. तो 'रानात' जातो किंवा 'जंगलात' जातो. 'वन' हा शब्द त्याच्यापर्यंत पाटीवरून, पावतीवरून आणि गणवेशावरून येतो. इंग्रजी ज्या ठिकाणी मुकी होते त्याच ठिकाणी जर्मन आणि मराठी एकमेकींशी बोलू शकतात.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. जर्मन वनशास्त्र जंगलाच्या उपयोगाचे दोन भाग करते : मुख्य उपयोग आणि दुय्यम उपयोग. 'हाउप्टनुट्सुंग' म्हणजे इमारती लाकूड. गवत, पाला, फळे, डिंक, चराई हे सारे 'नेबेननुट्सुंग', म्हणजे बाजूचे, किरकोळ. हे द्वैत निसर्गात कोठेच नाही. लाकडाच्या बाजाराच्या दृष्टीने पाहिले की ते निर्माण होते. भारतीय वनप्रशासनातील 'गौण वनउपज' ही कोटी याच दृष्टीची भाची म्हणता येईल. मोह, तेंदू, चारोळी, हिरडा हे गौण कोणासाठी? धानोरा किंवा एटापल्लीच्या कुटुंबाच्या वर्षाच्या हिशोबात सागवान गौण असते, कारण ते त्याच्या हाती कधी येत नाही. मोह आणि तेंदू हीच मुख्य वनउपज. बांबूची कथा तर या वर्गीकरणाच्या हास्यास्पदतेचा कळस आहे. १९२७ च्या कायद्याने बांबूला 'वृक्ष' ठरवले; त्यामुळे बल्लारपूरच्या कागद गिरणीला तो करारावर मिळे आणि टोपल्या विणणाऱ्याला तो चोरून आणावा लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपजात आला. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू वाहून नेण्याच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. आणि १९२७ च्या कायद्यातील 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. एका गवताला गवत म्हणवून घेण्यासाठी नव्वद वर्षे लागली. शब्दार्थाचा प्रश्न हा केवळ समीक्षकांच्या करमणुकीचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा नव्वद वर्षांचा हिशोब मांडून पाहावा.

याच ठिकाणी जर्मनच्या अभ्यासाचा दुसरा, अधिक महत्त्वाचा अर्थ पुढे येतो. ज्या भाषेने फोर्स्टची परिभाषा घडवली त्याच भाषेने त्या परिभाषेवरची सर्वांत तीक्ष्ण टीकाही लिहिली. १८४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोलोनच्या 'ऱ्हायनिशे त्साइटुंग' या वृत्तपत्रात चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने एक लेखमाला लिहिली. विषय होता ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात लाकूडचोरीच्या कायद्यावर झालेली चर्चा. झाडावरून आपोआप गळून पडलेल्या सुक्या फांद्या गोळा करणे ही चोरी की गरिबांचा वहिवाटीचा हक्क, हा त्यातला प्रश्न. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते या चर्चेमुळे, अशी नोंद मार्क्सने १८५९ मध्ये स्वतःच करून ठेवली आहे. मराठीत मार्क्सवादी समीक्षेचा एवढा गवगवा झाला. पाया आणि इमला यांवर परिसंवाद झाले, वर्गजाणिवेवर प्रबंध झाले. पण ज्या लेखांत मार्क्स काटक्या वेचणाऱ्या माणसांविषयी बोलतो, ते लेख आणि गडचिरोलीतील काटक्या वेचणारी माणसे यांना एकत्र वाचावे असे या समीक्षेला सुचले नाही. सुचणार कसे? मार्क्स तिच्याकडे लंडनहून आला, ऱ्हाइनकाठाहून आला नाही.

हे लेख मूळ जर्मनमध्ये वाचले म्हणजे काय हाती लागते? 'गेवोनहाइट्सरेश्ट' या एका शब्दाचा विचार करावा. 'गेवोनहाइट' म्हणजे सवय आणि रूढी दोन्ही. 'रेश्ट' म्हणजे कायदा आणि हक्क दोन्ही. इंग्रजी भाषांतराला दर वेळी एक निवड करावी लागते : हा रूढीचा कायदा, की रूढीने मिळालेला हक्क? जर्मनमध्ये ती निवड टाळता येते आणि मार्क्सच्या युक्तिवादाचे सारे बळ त्या न केलेल्या निवडीत साठवलेले आहे. मराठीत 'वहिवाट' हा शब्द त्याच्या जवळ जातो. वहिवाट म्हणजे नेहमीचे वागणे आणि तीच कालांतराने हक्क होते. विदर्भातला 'निस्तार' हा शब्द आणखी जवळचा आहे. निस्तार म्हणजे जळण, चराई, घराला लागणारे लाकूड आणून दिवस निभावून नेणे. आणि 'निस्तार हक्क' हा महसुली दप्तरातला शब्दप्रयोग. १८७८ च्या वनकायद्यामागचा वाद नेमका याच शब्दांचा होता. गावकऱ्यांचे जंगलातले वागणे हा 'हक्क' मानायचा की सरकारने दिलेली 'सवलत'? बेडन-पॉवेल सवलतीच्या बाजूने उभा होता. ब्रँडिसला मात्र युरोपातील वनांवरचे गावांचे हक्क माहीत होते, आणि गावांसाठी वेगळी वने राखावीत असे त्याचे म्हणणे होते. कायद्यात ग्रामवनांचे प्रकरण आले आणि बहुतांशी कागदावरच राहिले. म्हणजे ब्रँडिसकडेही एका साच्याने पाहता येत नाही : त्याचे शास्त्र फोर्स्टचे होते आणि त्याची स्मृती काही अंशी वाल्डची होती. ही गुंतागुंत ज्याला कळते त्याला साहित्याचा अभ्यासक म्हणावे. 'जर्मन शास्त्रज्ञाने जंगल वाचवले' किंवा 'जर्मन शास्त्रज्ञाने जंगल लुटले' एवढेच ज्याला म्हणता येते, त्याने वृत्तपत्रात सदर लिहावे.

ग्रिमचे नाव आपल्याकडे परीकथांशी चिकटून बसले आहे. पण याकोब ग्रिमने १८४० पासून प्रसिद्ध केलेला 'वाइसट्यूमर' हा संग्रह परीकथांचा नाही. जर्मन खेड्यांतील जुन्या जाणत्यांनी भर सभेत सांगितलेली गावची वहिवाट, म्हणजे लाकूड कोणी किती घ्यावे, डुकरे केव्हा चारावीत, पाणी कोणाचे, यांच्या त्या नोंदी आहेत. ग्रिम त्यांच्याकडे भाषा, कायदा आणि काव्य या तिन्हींच्या अंगाने पाहतो. त्याच्या लेखी ही तीन शास्त्रे वेगळी नव्हतीच. जुन्या मध्य प्रांतातील 'वाजिब-उल-अर्ज' आणि नंतरचे 'निस्तारपत्रक' हे याच जातीचे दस्तऐवज होत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ते दोन्ही आहेत. तलाठ्याच्या कपाटात पडलेल्या या कागदांकडे मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाने संहिता म्हणून पाहिले आहे काय? बोलणारा कोण, लिहून घेणारा कोण, गोंडीत सांगितलेले मराठीत किंवा हिंदीत उतरताना काय गळाले, 'आम्ही आणतो'चे 'आणण्यास परवानगी आहे' केव्हा झाले : हे प्रश्न कथनमीमांसेचेच आहेत. पण कथनमीमांसा म्हटली की नव्वद पानी कादंबरी समोर धरायची, ही शिस्त आपल्या विभागांत इतकी मुरली आहे की निस्तारपत्रकाला वाङ्मयीन अभ्यासाचा विषय म्हणणे हा विनोद ठरावा.

जर्मन विचार इंग्रजीतून घेण्याची किंमत मराठी समीक्षेने आणखी एका जागी मोजली आहे, आणि ती तिला अजून कळलेली नाही. मार्क्सचे 'एन्टफ्रेमडुंग' आणि ब्रेख्तचे 'फरफ्रेमडुंग' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला एका व्याधीचे नाव आहे, दुसरा त्या व्याधीवरच्या उपायाचे. इंग्रजीने दोघांसाठी 'एलिअनेशन' वापरले, आणि मराठीत परात्मता, दुरावा, अलिप्तता हे शब्द आळीपाळीने दोघांच्या अंगावर चढवण्यात आले. रोग आणि औषध यांना एकच नाव देऊन आपण ब्रेख्तवर चर्चासत्रे घेतली. विशेष म्हणजे रंगभूमी त्या मानाने शहाणी निघाली. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा', व्यंकटेश माडगूळकरांचे 'देवाजीने करुणा केली', पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' यांनी ब्रेख्तला मराठी अंगणात चालते-बोलते केले; वायमारच्या फ्रिट्स बेनेविट्सने विजया मेहतांच्या साथीने काम केले. खडूच्या वर्तुळाचे नाटक मूल जन्म देणारीचे की सांभाळणारीचे, असा प्रश्न विचारते. आणि त्याच्या प्रारंभी ब्रेख्तने तोच प्रश्न एका दरीतल्या जमिनीविषयी विचारलेला आहे. कागदावर मालकी असलेल्याची जमीन, की ती राखणाऱ्याची? हे नाटक गडचिरोलीत एकदा वाचले गेले तर त्याचा विषय मातृत्व आहे असे तेथे कोणी म्हणणार नाही.

आता देशीयतेच्या आक्षेपाकडे वळावे. परभाषेचा अभ्यास म्हणजे पारतंत्र्य, हे सूत्र मांडणाऱ्यांना ग्युंटर सोन्थायमर यांचे काम आठवत नसावे. हायडलबर्गचा हा अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या उपशीर्षकात या देवतांचे मूळ, इतिहास आणि 'उमवेल्ट' यांचा निर्देश आहे. १९८९ च्या इंग्रजी भाषांतराच्या मुखपृष्ठावर उरले ते 'पश्चिम भारतातील पशुपालकांचे देव'. उमवेल्ट, म्हणजे देवाला आणि माणसाला वेढणारा परिसर, शीर्षकातून गेला. पुढे सोन्थायमर यांनी 'वन' आणि 'क्षेत्र' या जोडीतून महाराष्ट्राच्या दैवतांचा अर्थ लावला : नांगरलेली भूमी आणि तिच्या कडेचे रान यांतील सततची देवघेव. १९९२ मध्ये ते वारले. वन आणि क्षेत्र यांची ही सीमा जेथे सर्वांत ठळक आहे तो वैनगंगेपलीकडचा प्रदेश या विचाराने अजून धुंडाळलेला नाही. परका माणूस मराठी शिकून धनगरांपर्यंत पोहोचला. येथला विद्यार्थी जर्मन शिकून त्याच्यापर्यंत पोहोचला तर तेवढ्याने गुलाम होईल, हे म्हणणे म्हणजे आपल्या माणसांविषयीचा अविश्वास आहे.

तरीही या आक्षेपात एक कण सत्याचा आहे, आणि तो जर्मनच्या प्राध्यापकांनी लपवू नये. हेर्डरपासून सुरू झालेली 'फोल्क'ची पूजा पुढे कोठे पोहोचली, हे जगाने १९३३ नंतर पाहिले. लोकगीते, लोककथा, आदिम जंगल, रक्त आणि माती हे शब्द नाझींनी बाहेरून आणले नव्हते. विद्यापीठांतल्या जर्मनच्या विभागांत ते तयार पडलेले होते. फरक इतकाच की जर्मन अभ्यासकांनी १९६६ मध्ये म्युनिकच्या संमेलनात आपल्या शास्त्राचा राष्ट्रवादाशी असलेला संबंध उघडपणे चर्चेला घेतला. 'लोकसाहित्य' या आपल्या लाडक्या कोटीची अशी तपासणी मराठीत कोठे झाली? मराठी बाईची ओवी आत्माविष्कार ठरते. माडिया बाईचे गाणे मात्र 'लोकसाहित्याचे संकलन' ठरते, त्याला संकलकाचे नाव असते, गाणारीचे नसते. १९७९ मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले; आपण लोकसाहित्याचा कच्चा माल नसून लेखक आहोत, असा दावा त्यामागे होता. तो दावा समीक्षेने आदराने नोंदवला आणि अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात ठेवून दिला. 'फोल्क' या शब्दाचा उदयास्त ज्याने मुळातून वाचला आहे, त्याला 'लोक' हा शब्द इतक्या निष्पापपणे वापरता येणार नाही.

राहता राहिला उपयुक्ततावाद. त्याच्याशी वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. त्याने जर्मनचे आधीच पुरेसे नुकसान केले आहे. पातळ्यांच्या प्रमाणपत्रांत भाषा मोजली जाते, आणि 'संस्कृती' म्हणून 'लांडेसकुंडे' नावाचा जो विषय शिकवला जातो त्यात नाताळचा बाजार, रेल्वेचा वक्तशीरपणा, कचऱ्याच्या चार रंगांचे डबे आणि पावाचे प्रकार येतात. विद्यार्थ्याला पाहुणा म्हणून वागायला शिकवणारा हा अभ्यासक्रम आहे. गडचिरोलीचा विद्यार्थी जर्मनकडे पाहुणा म्हणून जाणार नाही. त्याच्या आजोबांवर ज्या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला असेल, त्या कलमांच्या मागची भाषा तो वाचायला जाईल. गडचिरोलीला २०११ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे आणि त्याचे नाव गोंडवाना आहे. नावाचा मान राखायचा तर तेथील जर्मनच्या पहिल्या वर्षाच्या वाचनात गटेच्या आधी मार्क्सचे लाकूडचोरीवरचे लेख, ग्रिमच्या वहिवाटीच्या नोंदी आणि रिबेनट्रॉप-श्लिख यांच्या पिढीच्या वनपरिभाषेचे उतारे असावेत. शेजारी निस्तारपत्रके असावीत. शिकवणारा बहुधा पुण्याहून किंवा मुंबईहून आणावा लागेल. त्याच्या नेमणुकीच्या अटींत एक अट हवी : वर्षभरात त्याने माडिया शिकावी, आणि तिची परीक्षा त्याच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी.